लिंबावरची अळी आणि ओट्याखालची बाटली

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, घरामागच्या परड्यात एक कागदी लिंबाचे झाड आहे. उंची पुरुषभर, वय चार वर्षे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या कोवळ्या पालवीवर अळ्या दिसू लागल्या. रोज सकाळी दोन-चार पाने कुरतडलेली. घरातल्या आजोबांनी कृषी केंद्रात जाऊन ‘लिंबाला अळी पडलीय’ एवढेच सांगितले आणि दुकानदाराने ‘जालीम आहे’ म्हणत एक बाटली हातात ठेवली. शेजाऱ्यांचा पंप आणून फवारणी झाली. एका झाडाला असे औषध लागते किती? घरात लहान मोजमाप नव्हते म्हणून अंदाजाने ओतले, आणि उरलेले मूळ बाटलीचे झाकण गळते म्हणून थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीजवळच्या ओट्याखाली ठेवले. मे महिन्यात पुण्याहून नात आजोळी आली. वय साडेतीन वर्षे. दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते, पोरीला तहान लागली होती.

तिने घेतला तो एकच घोट, तोही निम्मा बाहेर सांडला. पण पाच-दहा मिनिटांत तोंडातून लाळ, अंगभर घाम, उलटी आणि घशात घरघर सुरू झाली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. आजींनी भीतीने मिठाचे पाणी पाजायला घेतले होते. शेजारच्या एका मुलीने ते थांबवले, पोरीचे भिजलेले कपडे काढले, अंग साबणाने धुतले, १०८ला फोन केला आणि ती बाटली पिशवीत घालून सोबत दिली. दोन रात्री अतिदक्षता विभागात अ‍ॅट्रोपिनच्या सुईवर काढून सहाव्या दिवशी मूल घरी गेले. ते वाचले ते दोन गोष्टींमुळे. रुग्णालय जवळ होते आणि पोटात काय गेले आहे हे डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला कळले.

सरकारी रुग्णालयांना ही कथा नवी नाही. सुट्ट्या लागल्या, मुले आजोळी गेली की दर उन्हाळ्यात ती थोड्याफार फरकाने दारात येते. कधी रॉकेल, कधी फिनेल, कधी ढेकणांचे औषध, कधी शेतातले. बाटलीबद्दल सगळे बोलतात आणि ते बोललेच पाहिजे. खाण्यापिण्याच्या वस्तूच्या बाटलीत विष भरू नये, विष कुलपात ठेवावे, उरलेले ‘पुढच्या वेळी होईल’ म्हणून जपू नये. पण या प्रकरणात एक प्रश्न कुणीच विचारला नाही. फवारणीची गरज होती का?

नव्हती. त्या अळ्या लिंबाच्या फुलपाखराच्या होत्या. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके आणि मागच्या पंखावर एक लाल ठिपका असलेले हे फुलपाखरू महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिलेले आहे, नाव ठाऊक नसते इतकेच. मादी कोवळ्या पानावर एकेक फिकट पिवळे, मोहरीहून लहान अंडे घालते. त्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. तपकिरी अंग आणि मधे पांढरा पट्टा. शीट कोण खाणार? मोठी झाल्यावर एका कातेनंतर ती पानासारखी हिरवीगार होते, कारण आता शीट वाटण्याइतकी ती लहान राहिलेली नसते. तिला काडीने हलकेच डिवचले तर डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाचे दोन शिंगांचे एक मऊ अवयव बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुंग्या, कोळी असल्या लहान शत्रूंना दूर ठेवण्याचा तो उपाय. माणसाला त्याचा काही अपाय नाही. ही अळी चावत नाही, डसत नाही, तिच्या अंगावर खाज आणणारे केस नसतात. उन्हाळ्याच्या उबेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास साधारण महिन्याभरात संपतो. पुरुषभर उंचीचे लिंबाचे झाड तेवढी पाने सहज सोसते आणि पुन्हा फुटते. अगदीच सहन होत नसेल तर चिमट्याने अळ्या उचलून शेजारच्या कढीपत्त्यावर सोडता येतात. हे फुलपाखरू तिथेही वाढू शकते. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. म्हणजे ज्या अळीवर आपण पंप मारतो ती कधीकधी आपल्या राज्याचे मानचिन्ह असू शकते.

इथे एक अपवाद नीट सांगायला हवा. नर्सरीतली हातभर रोपे या अळ्या रात्रीत बोडकी करू शकतात आणि संत्र्या-मोसंबीच्या बागायतदारासाठी ती कीडच आहे. त्याचा सगळा संसार त्या पानांवर उभा असतो. त्याला औषध वापरू नको असे शहरातून सांगणे सोपे आणि अन्यायाचे आहे. त्याला हवे असते ते योग्य औषध, योग्य प्रमाण, हातमोजे, तोंडाला मुसके आणि वाऱ्याची दिशा सांगणारा कुणीतरी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हा यातले काय काय नव्हते हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. पण घरामागच्या एका झाडासाठी, चार लिंबांसाठी, तेच शेतातले जहर घरात आणणे ही गरज नसते. ती सवय असते.

ही सवय धोक्याची का, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके एका विकरावर घाव घालतात. मज्जातंतूकडून स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे निरोप नेणारे अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे रसायन काम झाल्यावर तोडून टाकायचे, हे त्या विकराचे काम. तो बंद पडला की निरोप थांबतच नाही. ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू फडफडत राहतात, फुप्फुसे पाण्याने भरतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हे विकर अळीतही असते आणि साडेतीन वर्षांच्या मुलीतही. अळीसाठी जालीम आणि माणसासाठी निरुपद्रवी असे यात काही नाही. फरक फक्त मात्रेचा, आणि मूल जितके लहान तितकी ती मात्रा लहान. म्हणून पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी मिठाचे पाणी, ताक, तेल, कडुनिंबाचा रस यांतले काहीही पाजू नये आणि उलटी काढायला बोट घालू नये. उलटी श्वासनलिकेत गेली तर विषापेक्षा तिनेच जीव जातो. कपडे काढावे, अंग धुवावे, कुशीवर झोपवावे, बाटली बरोबर घ्यावी आणि निघावे.

आता त्या झाडाकडे परत. फवारणीनंतर अळ्या गळून पडल्या. त्यासोबत आणखी काय गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. त्याच परड्यात जास्वंदीवर एक शिंजिराची जोडी येत असे. नर उन्हात जांभळा-काळा चमकतो, मादी मळकट पिवळी. मार्च-एप्रिल हे त्यांचे विणीचे दिवस. मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे, पालापाचोळा, झाडाच्या सालीचे तुकडे जोडून लांबट पिशवीसारखे घरटे टांगते. कधी थेट व्हरांड्यातल्या वायरला. शिंजीर फुलातला मध पितो हे सगळ्यांना माहीत असते. पण पिलांना तो मधावर वाढवत नाही. वाढत्या पिलाला प्रथिने लागतात आणि ती येतात कोळ्यांतून, लहान किड्यांतून, मऊ अळ्यांतून. चिमणीचेही तसेच. दाणे टिपणारी चिमणी पिलांना पहिले दिवस किडेच भरवते. अंगणात ‘चिमणी वाचवा’ म्हणून लाकडी घरटे टांगायचे आणि त्याच अंगणात महिन्यातून दोनदा फवारणी करायची, हा प्रकार शहरांतल्या सोसायट्यांमध्ये सर्रास दिसतो. घरटे रिकामे राहिले की दोष मोबाइलच्या टॉवरला.

शिंपी पक्ष्याचीही गोष्ट अशीच. आंबा, अंजीर, कर्दळ, कुंडीतली वांगी अशा रुंद पानांच्या झाडांत तो पानाच्या कडांना भोके पाडून कोळिष्टकाने आणि कापसाने टाके घालतो. मुठीत मावेल एवढा पक्षी, पण त्याचा आवाज परसभर जातो. लिंबाच्या झाडात दिवसातून कितीतरी वेळा शिरून तो पानामागचे किडे टिपतो. याशिवाय अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात, कोळी असतात, सरडा असतो. फुलपाखराने घातलेल्या अंड्यांतली बहुतेक फुलपाखरू होण्याआधीच कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात. म्हणजे अळ्या कमी करण्याची व्यवस्था झाडावर आधीच कामाला लागलेली असते. पंप आला की ती व्यवस्था पहिल्यांदा मरते, कारण शिकाऱ्यांची संख्या नेहमी शिकारीहून कमी असते आणि भरून यायला जास्त वेळ लागतो. पुढच्या पालवीला अळ्या पुन्हा येतात. मग पुन्हा बाटली.

म्हणून घरच्या बागेसाठी एकच आग्रह धरण्यासारखा आहे. किडा दिसला की दहा दिवस काहीही करू नये, फक्त पाहावे. रोज एकाच वेळी, एकाच झाडापाशी पंधरा मिनिटे. वहीत दोन ओळी लिहिल्या तर उत्तम, मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल. दहा दिवसांत तीनपैकी एक काहीतरी होते. किडा जातो, किड्याला खाणारा येतो, किंवा झाड खरोखर मरायला टेकते आणि मग काय करायचे ते नीट माहिती घेऊन ठरवता येते. वैद्यकात याला फार जुने स्थान आहे. ताप आला की लगेच प्रतिजैविक न देता रुग्णावर लक्ष ठेवणे हा उपचारच असतो आणि तो करायला औषध लिहिण्याहून जास्त धीर लागतो. रुग्णाला मात्र तो आवडत नाही. ‘डॉक्टरांनी काहीच दिले नाही’ ही तक्रार असते. कृषी केंद्रातून रिकाम्या हाताने परतणाऱ्यालाही तसेच वाटत असणार.

पाहायची वेळ निसर्गानेच ठरवून दिली आहे. सकाळी साडेनऊच्या आत किंवा साडेपाचनंतर. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी बागेत काही पाहण्यासारखे नसते, कारण बागेतले सगळे सावलीत गेलेले असतात. कावळा फांदीवर चोच उघडी ठेवून बसलेला दिसतो तो केवळ तहानलेला म्हणून नव्हे. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. घसा थरथरवत, वाफ बाहेर सोडत ते अंग थंड ठेवतात. मधमाश्या याच सुमारास गळक्या नळाशी गर्दी करतात. ते पाणी त्या पोळ्यात नेऊन पसरतात, पंखांनी वारा घालतात आणि बाहेर चाळीसच्या वर पारा असताना पिलांची जागा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. माणूस घाम गाळून तेच करतो. फक्त माणूस ‘एवढे दोन वाफे पाणी घालून येतो’ म्हणत दुपारी दोनला डोक्यावर काही न घेता बाहेर पडतो. साठी ओलांडलेल्या, रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने ते करू नये. झाडांनाही दुपारच्या पाण्याचा उपयोग कमीच. उष्माघाताचे लक्षण एकच लक्षात ठेवावे. अंग तापलेले आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे. तिथे लिंबू-सरबताने भागत नाही. सावलीत न्यायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि रुग्णालय गाठायचे.

नळाशी येणाऱ्या मधमाश्यांना लोक घाबरतात. पाणी प्यायला आलेली माशी भांडायला आलेली नसते, तिला हाताने झटकले नाही तर ती आपले काम करून जाते. चावलीच तर काटा तत्काळ काढावा, नखाने खरवडून की चिमटीने यावर वाद घालत बसू नये. उशीर होईल तसे विष आत जाते. बहुतेकांना दुखते, सुजते, दुसऱ्या दिवशी खाजते. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली तर वेळ मिनिटांत मोजावी. अशा माणसाला अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन लागते. काळा, जाड, निळसर पंखांचा भुंगा मात्र उगाच बदनाम आहे. शेवग्याच्या आणि भोपळ्याच्या फुलांवर गुणगुणत फिरणारा हा जीव आवाजाने घाबरवतो, पण वाटेला गेल्याशिवाय डसत नाही आणि त्याच्या नराला नांगीच नसते. कुंडीतल्या वांग्या-टोमॅटोच्या फुलावर पोटावर निळे पट्टे असलेली एक लहान माशी आली तर तिला जरूर पाहावे. वांग्याच्या फुलातले पराग बरणीच्या बारीक भोकातून यावेत तसे बाहेर येतात. ही माशी फुलाला लटकून अंगाचे स्नायू असे थरथरवते की पराग झडून पडतात. आपल्या मधमाशीला ते जमत नाही. संध्याकाळी या माश्यांचे नर काडीला जबड्याने घट्ट धरून, पाय सोडून झोपतात. टॉर्च घेऊन गेलेल्या मुलांना ते पाहून किती वेळ हसू येते!

सगळेच किडे सज्जन असतात असे सांगण्याचा हेतू नाही. शेवग्याच्या खोडावर पुंजक्याने बसणारे केसाळ सुरवंट खरोखर त्रास देतात. त्यांचे केस कातडीत रुततात, गांधी उठतात, डोळ्यात गेले तर प्रकरण गंभीर होते. तिथे चोळू नये, चिकटपट्टी लावून केस उचलावेत, मग धुवावे. डोळ्यात गेले असतील तर घरगुती उपाय न करता थेट नेत्रतज्ज्ञ. गुळगुळीत अळी आणि केसाळ सुरवंट यांतला फरक चार वर्षांच्या मुलालाही शिकवता येतो. दहा दिवस पाहणारा माणूस शिकतो तो हाच भेद.

आणि बागेतला खरा गुन्हेगार कोण, हेही त्यालाच कळते. ज्या घरात लिंबाच्या अळीवर विष फवारले, त्याच घरात मनीप्लांटच्या कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईमुळे भरून ठेवलेल्या पिंपात वळवळणाऱ्या बारीक अळ्या कुणी पाहिल्या नव्हत्या. पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीवर अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी आले की फुटतात. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत उन्हाळ्यात आठवडाभर पुरतो. डेंगी पावसाळ्यात वाढतो हे खरे, पण त्याची पेरणी मे महिन्यातल्या पिंपांत होत असते. १६ मे हा राष्ट्रीय डेंगी दिन पाळतात तो म्हणूनच पावसाच्या आधी. धुराची गाडी गल्लीतून गेली की लोकांना बरे वाटते, नगरसेवकालाही बरे वाटते. धूर उडते डास काही प्रमाणात मारतो, पिंपातल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. उपाय कंटाळवाणा आहे. आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करायचे, आतून घासायचे, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात, आणि पिंपावर फडके बांधायचे. पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणीही रोज बदलायचे आणि वाडगा घासायचा. ‘पाखरांना पाणी’ म्हणून गच्चीत ठेवलेली आणि नंतर विसरलेली मातीची परळ ही डासांची प्रसूतिगृहे होतात. पाणी ठेवण्याचे पुण्य रोज घासणाऱ्यालाच मिळावे.

पाणी ठेवावे, पण कबुतरांना धान्य टाकू नये. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत मोठा वाद झाला आणि त्यात श्रद्धा, राजकारण, न्यायालय सगळे आले. वैद्यकाचे म्हणणे मात्र वादाआधीही तेच होते. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्याने काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती वर्षानुवर्षे चालली तर फुप्फुसे कायमची कडक होतात. तसा रुग्ण जिना चढू शकत नाही. बुलबुल, शिंजीर, दयाळ, तांबट हे खिडकीत आयते धान्य मागत नाहीत. त्यांना झाड लागते.

परड्यातल्या आणखी एका झाडाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. सदाफुली. मे महिन्यात सगळे कोमेजते तेव्हाही ती फुलत असते, आणि तिला कीड क्वचित लागते. कारण ती विषारी आहे. ही मूळची मादागास्करची. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेण्याची चाल जगात अनेक ठिकाणी होती, आपल्याकडे अजूनही आहे. १९५०च्या दशकात कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे तोच गुण तपासत होते. जमैकाहून आलेल्या पानांचा अर्क त्यांनी उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या त्यांच्या लक्षात आल्या. ‘प्रयोग फसला’ म्हणून ते थांबले असते तर तिथेच संपले असते. त्या निरीक्षणातून व्हिनब्लास्टिन मिळाले, याच झाडातून पुढे व्हिनक्रिस्टिन आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. सरकारी रुग्णालयांतल्या मुलांच्या वॉर्डात हे इंजेक्शन चालू असते आणि खाली आवारात सदाफुली फुललेली असते, दोघांचे नाते सांगणारी पाटी मात्र कुठे दिसत नाही. मधुमेहींनी तिची पाने चावू नयेत हे जाता जाता सांगायलाच हवे. जे रसायन मोजून, शिरेतून, रक्त तपासत द्यावे लागते ते सकाळी अनशापोटी अंदाजाने खाण्यात कसले आले आयुर्वेदाचे शहाणपण?

या विषालाही पचवणारी एक अळी आहे. तगर, कण्हेर आणि सदाफुली यांवर वाढणारी, बोटाएवढी हिरवी, पुढच्या भागावर निळसर-पांढऱ्या दोन मोठ्या ‘डोळ्यां’ची. ते डोळे खोटे असतात, खरे डोके पुढे लहानसे असते. घरोघरी तिला साप समजून झाडूने मारतात. कण्हेरीची पाने माणसाचे हृदय थांबवू शकतात आणि ही ती खाऊन मोठी होते, मग एका संध्याकाळी हिरव्या-गुलाबी नक्षीच्या पंखांचा पतंग होऊन रातराणीभोवती भिरभिरते.

अशा पाहण्याचा आरोग्याला थेट फायदा किती, याबद्दल सध्या बरेच काही बोलले जाते आणि त्यातले बरेचसे वाढवून सांगितलेले असते. हिरवळ पाहिली की रक्तदाब गेला, असे काही होत नाही. रॉजर उल्रिक यांचा १९८४चा अभ्यास नेहमी सांगितला जातो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामके कमी लागली. रुग्ण होते एकूण ४६. अभ्यास लहान, पण प्रामाणिक. मुलांच्या डोळ्यांबाबत पुरावा अधिक भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा मैदानावर नेले. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने जवळची नजर लागण्याचे प्रमाण ३०.४ टक्के होते, इतर मुलांत ३९.५ टक्के. तिथे बाग नव्हती, मोकळा उजेड होता. पण सुट्टीतले मूल सकाळी तासभर उजेडात थांबावे असे वाटत असेल तर त्याला थांबायला काहीतरी कारण लागते. ‘जा, बाहेर खेळ’ म्हणून ते जात नाही. ‘ती शीट हलते का बघ’ म्हटले की जाते.

त्या आजोळच्या घरी ओट्याखाली आता काही नाही. आजोबांनी पंप शेजाऱ्यांना परत दिला आणि बराच काळ ते लिंबाकडे गेलेच नाहीत. अपराधीपणा मोठा होता आणि घरातले कुणी तो हलका करत नव्हते. लेकीने तर यंदा पोरीला पाठवायचे की नाही यावर महिनाभर घोळ घातला. शेवटी पाठवली, पण आईसोबत. एप्रिलच्या पालवीला अळ्या पुन्हा आल्या होत्या. नात आता साडेचार वर्षांची. तिने काडी पुढे केली, नारिंगी शिंगे बाहेर आली, वास आला आणि ती ओरडली, ‘आजोबा, हिने जीभ दाखवली!’ आजोबांनी चष्मा लावून वाकून पाहिले. ‘अगं, जीभ नाही ती,’ ते म्हणाले, आणि मग ते नेमके काय आहे हे आपल्यालाही ठाऊक नाही हे त्यांच्या लक्षात आले. कोष तयार झाला तो न्हाणीघराच्या खिडकीच्या गजाला. नवव्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत फुलपाखरू उडून गेले. पोरगी दिवसभर रुसून बसली. रिकामे कवच तिने काडेपेटीत भरून पुण्याला नेले.